देव निजले की गप्प होणारे बुवा

एकदा एक व्यापारी आपल्या वृद्ध आईला कानांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि हसून सांगितले, "यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत." ही बातमी ऐकून कोणत्याही मुलाला हायसे वाटले असते. या मुलाचा मात्र चेहरा उतरला. कान शाबूत असतील तर दोष डोक्यात आहे, एवढाच अर्थ त्याच्यापुढे आता शिल्लक राहिला होता.

तो असा का विचार करत होता हे कळायला आपल्याला त्याच्या घरात जावे लागेल.

व्यापारी तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. दुकान पेठेत आणि घर मागच्या गल्लीत. घर रुंदीला बेताचे, पण लांबीला भरपूर. पुढे दिवाणखाना, त्याला लागून देवघर, मग स्वयंपाकघर, आणि सर्वांत मागे, जिथे रस्त्याचा आवाज पोहोचत नाही अशा शांत जागी, आईची खोली. तिला सगळे माई म्हणत. काचबिंदूने माईची दृष्टी पुरती गेली होती. चालणे काठीच्या आधाराने, देवघर ते खोली एवढेच. तेव्हा कानावर पडेल तेवढेच तिचे जग होते.

मुलगा वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे. आईला एकटे वाटू नये म्हणून त्याने घरातल्या प्रत्येक खोलीत बिनतारी स्पीकर बसवले होते. सकाळी आरत्या, दुपारी माईच्या आवडत्या बुवांचे कीर्तन, संध्याकाळी बातम्या. सगळे त्याच्या फोनवरून चाले. माई दुपारी लवकर जेवून आडवी होई, तो दुकानातून कीर्तन लावून देई, मग घरी येई, स्वतःच्या हाताने देवाला नैवेद्य दाखवी आणि देव्हाऱ्याची दारे लोटून घेई. त्या घरात वडिलांच्या काळापासून दुपारी देव विश्रांती घेत. दारे उघडायची ती दिवेलागणीला, मध्ये नाही. एवढे झाले की मग तो पानावर बसे.

सारे सुरळीत होते. मग एके दुपारी मागून माईचा आवाज आला, "दिगू, बुवा गप्प झाले रे."

मुलाने, म्हणजे दिगंबरने, घास हातात धरून फोन पाहिला. "चालू आहे की माई."

"नाही रे. राजाला वनापर्यंत आणलं आणि थांबले."

"अगं चालू आहे, हे बघ ना, इथे दिसतंय." आणि त्याने फोनचा पडदा खोलीच्या दिशेने वर धरला. आपण आंधळ्या आईला पडदा दाखवतो आहोत, हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

दिवाणखान्यातल्या स्पीकरवर बुवा खणखणीत बोलत होते. ते स्वयंपाकघरात ऐकू येत होते. फोन म्हणत होता, चालू आहे. मग जिला ऐकू येत नाही तिच्यातच काहीतरी कमी असणार, नाही का? इतका सरळ हिशेब. दुपारी जेवून दिगंबर दुकानात परते, त्याची बायको ललिता पाठ टेकी, आणि माईच्या खोलीत जाऊन कोणी बसत नसे. तशी गरजच काय होती? तिथे कीर्तन चालू होते ना.

तक्रार मात्र रोज येऊ लागली. शेवटी स्पीकर बसवून देणाऱ्या मुलीला बोलावले. ऋजुता तिचे नाव. इंजिनियर झालेली, हातात कला असलेली, स्वभावाने सरळ. ती सकाळी आली. घरभर वायफाय पोहोचवणारी पेटी, म्हणजे राउटर, तिला देव्हाऱ्यात सापडली. दसऱ्याच्या वेळी खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा झाली, तेव्हा तराजू आणि हातोड्यांबरोबर राउटरलाही हळदकुंकू लागले होते. त्या दिवशी आरती अशी अखंड घुमली की दिगंबरने ठरवले, आता हा इथेच राहू दे. भिंतीला भोक पाडून वायर आत घेतली, आणि राउटर गणपतीशेजारी कायमचा बसला. ऋजुताला हसू आले, पण तिने सगळीकडे फिरून वायफायचा संकेत मोजला, तो माईच्या खोलीतही ठीक होता. तिने यंत्रे बंद करून पुन्हा सुरू केली, नवी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, भरली, स्पीकर भिंतीपासून जरा पुढे ओढला. माईच्या खोलीत आरती स्वच्छ वाजत होती. "काही दोष नाही," असे सांगून ती गेली. पुन्हा तक्रार झाली, ती पुन्हा सकाळी आली, पुन्हा काही दोष सापडला नाही.

आणि मग माई ते वाक्य बोलली. ती म्हणाली, "देव निजले की बुवा गप्प होतात."

ललिताच्या हातातला डाव तसाच राहिला. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले. त्या दिवसापासून त्या घरात कुजबुज सुरू झाली. कानांच्या डॉक्टरांनी हात झटकले, तेव्हा शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. फोनवर दिगंबरने हेच वाक्य त्यांना सांगितले. पलीकडून उत्तर आले की घेऊन या, काही दिवस ठेवून घेऊ. मग कोठीच्या खोलीच्या किल्ल्या, ज्या लग्न होऊन आल्यापासून माईच्या कमरेला होत्या, त्या काढून घेतल्या. "आता तुला लक्षात राहायचं नाही माई," असे प्रेमाने सांगितले. प्रेमानेच सांगितले, हेही लिहून ठेवतो.

आश्चर्य असे की त्यानंतर माई सुधारली. तक्रार बंद झाली. "ऐकू येतंय ना?" असे पुढून विचारले की मागून उत्तर येई, "हो." घराला बरे वाटले. तरी शहराची वेळ ठरली होती ती ठरलीच.

इकडे ऋजुताच्या मनातून ते घर जात नव्हते. गावात एक वृद्ध गृहस्थ होते. तंत्रनिकेतनात त्यांनी हयातभर ध्वनी आणि लहरींचे शास्त्र शिकवले होते, आणि आता देवळांच्या सभामंडपात आवाज का घुमतो असल्या शंका घेऊन लोक त्यांच्याकडे जात. ऋजुता त्यांची विद्यार्थिनी, त्यांना सर म्हणे. आपण गुरुजी म्हणू, कथेला ते शोभते. तिने त्यांना सगळी हकिगत सांगितली, कोणती यंत्रे, कोणती आज्ञावली, संकेत किती.

गुरुजींनी ऐकून घेतले आणि विचारले, "आणि त्या काय म्हणतात?"

"कोण, सर?"

"ज्यांना ऐकू येत नाही त्या."

ऋजुता गडबडली. "त्यांना... विस्मरणाचा त्रास आहे, सर. त्यांच्याशी माझं बोलणं नाही झालं. उद्या शहरात नेणार आहेत दाखवायला."

गुरुजी उठले. "चल, चप्पल घाल."

"आत्ता? सर, दुपारची वेळ आहे. सकाळी गेलं तर..."

"सकाळी तू जाऊन आलीस," गुरुजी म्हणाले.

ते पोहोचले तेव्हा दिगंबर दुकानातून नुकताच आला होता. त्याने अगत्याने या-बसा केले, पण नाराजी लपली नाही. "आता काही अडचण राहिलेली नाही हो. माईला नीट ऐकू येतं. उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? मला फक्त त्यांच्या खोलीत बसून कीर्तन ऐकायचंय," गुरुजी म्हणाले. त्यांनी पिशवी उघडली नाही, एकाही यंत्राकडे पाहिले नाही. स्वतःचा फोन दिवाणखान्यातल्या मेजावर ठेवला आणि ऋजुतालाही ठेवायला लावला. दिगंबरला हे जरा चमत्कारिकच वाटले. दुरुस्तीला आलेला माणूस हात न लावता बसायला जागा मागतो, याला काय म्हणावे? पण वयाचा मान राखून त्याने दोघांना मागे नेऊन सोडले, "माई, पाहुणे आलेत, तुझ्याबरोबर कीर्तन ऐकतो म्हणतात," असे सांगितले, आणि स्वतः सोवळ्याचा पंचा गुंडाळून नैवेद्याला गेला.

खोलीत बुवा रंगात आले होते. आवाज स्वच्छ होता, कुठे अडखळत नव्हता. माई पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि तिची बोटे चादरीवर ठेका धरत होती. गुरुजी खाली सतरंजीवर बसले. ऋजुता दाराशी टेकली, आणि मनात म्हणाली, आता सरांनाही कळेल की यात काही दोष नाही.

देवघरातून घंटी ऐकू आली. मग दारे लागल्याचा आवाज.

बुवा अजून काही वाक्ये बोलले. राजा राणीचा निरोप घेत होता. आणि मग शब्द अर्ध्यात तुटला. खोलीत काहीच राहिले नाही.

ऋजुताचा हात सवयीने खिशाकडे गेला. फोन नव्हता. तिने गुरुजींकडे पाहिले. त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि माईकडे खूण केली.

माईची बोटे चादरीवर ठेका धरतच होती.

स्पीकर मुका, खोली मुकी, आणि ती म्हातारी बाई नसलेल्या मृदंगावर ठेका धरून बसली होती. मधून मधून मानही डोलवत होती. क्षणभर ऋजुताला वाटले, मुलाचे खरेच आहे, हिचे डोके ठिकाणावर नाही. तेवढ्यात पुढून, पानावरून, दिगंबरचा आवाज आला.

"माई, येतंय ना ऐकू?"

"हो रे," माई मोठ्याने म्हणाली. "छान चाललंय."

तिच्या आवाजात काडीचाही कंप नव्हता. रोज पाठ केलेले उत्तर जसे येते तसे ते आले.

ऋजुताला राहवले नाही. ती पलंगाशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "माई, पण हे बंद पडलंय ना?"

ठेका थांबला. माईने हवेत चाचपडत तिचे मनगट पकडले, आणि ती पकड म्हातारीची नव्हती.

"तुलाही नाही ऐकू येत?"

"नाही येत, माई. कोणालाच नाही येणार. बंद आहे ते."

माईची पकड सैल झाली. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "मला वाटलं होतं, मीच गेले." आणि पुढे म्हणाली, "नाही म्हटलं की डॉक्टर आणतात गं. किल्ल्या काढतात. म्हणून मग हो म्हणायला लागले. ठेका धरते, म्हणजे कोणी डोकावलं तर बरं दिसतं."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. मग दाराशी जाऊन त्यांनी दिगंबरला हाक मारली.

तो उष्ट्या हाताने आला. उंबऱ्यातच थबकला आणि म्हणाला, "बंद का केलंत?"

"आम्ही हात लावलेला नाही."

"असं कसं? आत्ता मी फोनवर..." त्याने डाव्या हाताने फोन पुढे केला. पडद्यावर हिरवी खूण होती. चालू आहे. पुढे जेवताना तो आत्ताच बुवांना ऐकत होता, या खोलीत मात्र पंखा फिरत असल्याचे तेवढे ऐकू येत होते. दिगंबरने पडद्याकडे पाहिले, स्पीकरकडे पाहिले, मग आईकडे. "पण माई, तू तर आत्ता हो म्हणालीस."

माईने तोंड भिंतीकडे फिरवले.

दिगंबर पलंगाच्या कडेला बसला. किती दुपारी ती अशी बसली असेल, याचा त्याच्या मनात विचार येऊ लागला आणि तो त्याला सोसवेना.

"माई," गुरुजींनी विचारले, "हे केव्हापासून होतंय?"

"दसऱ्यापासून. देव निजले की बुवा गप्प होतात, दिवे लागले की पुन्हा बोलतात. मी सांगितलं होतं याला."

ऋजुताने एकदम कपाळावर हात मारून घेतला. "देव्हारा," ती पुटपुटली. "दारं. सर, दारं तांब्याची आहेत."

होती खरी. दिगंबरने आपल्याच कारागिरांकडून करून घेतलेला तो देव्हारा आतून-बाहेरून तांब्याच्या पत्र्याने मढवलेला होता. पेठेतले लोक तो बघायला येत. सकाळी दारे उघडी, राउटरच्या लहरी मागच्या खोलीपर्यंत बिनघोर जात. दुपारी दारे मिटली की जवळच्या दिवाणखान्याला कशाबशा पुरत, माईपर्यंत पोहोचत नसत. आणि सगळ्या खोल्यांचे स्पीकर एका गटात बांधलेले असल्यामुळे, एक मागे राहिला तरी फोन आपला सांगत राही, गट चालू आहे.

गुरुजी दिगंबरला देवघरात घेऊन गेले. "उघडा," ते म्हणाले.

दिगंबर हात धुऊन आला, पण कडीपाशी थांबला. "देव निजलेत. आमच्याकडे अवेळी..."

"मी उघडू शकतो. पण तुम्ही रोज मिटता, तुम्हीच उघडा."

त्याने देवाला हात जोडले आणि दारे उघडली. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग घराच्या मागच्या टोकातून बुवांचा आवाज आला, राजा वनात शिरला होता. आणि त्या आवाजावर चढून माईची हाक आली, "दिगू, दार उघडलंस का रे?"

दिगंबर देव्हाऱ्यापुढेच उभा राहिला. रोज ज्या हाताने भक्तिभावाने दारे मिटली, त्याच हाताने आईचे कीर्तन बंद केले. मग तिलाच विचारले, ऐकू येते ना म्हणून. आणि ती देत होती ते खरे उत्तर वेडाचा पुरावा म्हणून शहरात कळवले. हे सारे त्याला एकाच वेळी दिसले, आणि तो मोठा, पेठेत मान असलेला माणूस लहान मुलासारखा रडला.

गुरुजींनी त्याला रडू दिले. मग म्हणाले, "शेटजी, तांबं लहरी अडवतं हे हिला मी पहिल्याच वर्षी शिकवलंय. तांबं तुम्हीही जन्मभर हाताळलंय. ज्ञान कोणाला कमी नव्हतं. फोनही खोटं बोलला नाही. त्याला तुम्ही विचारलंत, कीर्तन चालू आहे का, तो म्हणाला, आहे. माईंना ऐकू येतंय का, हे त्याला कुठून कळणार? ते एकाच व्यक्तीला ठाऊक होतं आणि ती रोज सांगत होती. बिघाडाचं याहून अचूक वर्णन मी कोणत्याही विद्यार्थ्याकडून ऐकलेलं नाही. तुम्ही ते ऐकलंत, पण तपासायला त्या खोलीत गेला नाहीत."

ऋजुता मान खाली घालून म्हणाली, "मी तर त्यांना विचारलंसुद्धा नाही."

"आता विचारशील," गुरुजी म्हणाले. आणि मग दिगंबरकडे वळून, जरा कठोरपणे, "राउटर हलवायला काही वेळ लागणार नाही. पण तुम्ही त्यांना हो म्हणायला शिकवलंय. ते दुरुस्त करणं माझ्या हातात नाही."

राउटर त्याच दिवशी देवघराबाहेर, स्वयंपाकघरात उंच फळीवर गेला. देव पूर्ववत दुपारी निजू लागले. शहरातली वेळ रद्द झाली. किल्ल्या ललिताने स्वतः माईच्या हातात दिल्या, तेव्हा माईने त्या बोटांनी एकेक चाचपून पाहिल्या आणि कमरेला खोचल्या.

दिगंबर रोज जेवायला बसताना विचारी, "माई, येतंय ना ऐकू?" माई म्हणे, "हो." आणि रोज तो पानावर बसण्याआधी मागे जाऊन स्वतः ऐकून येई, कारण त्या "हो"वर आता त्याचा विश्वास नव्हता, आणि तो का नव्हता हे त्याला ठाऊक होते. बुवा बोलत असत. तरीही तो जाई. असे कितीतरी दिवस गेले.

मग एके दुपारी, तो ऐकून परतल्यावर, खोली झाडताना कोणाचा तरी झाडू स्पीकरच्या विजेच्या वायरीत अडकला आणि प्लग निसटला. घरात कोणाच्या लक्षात आले नाही. फोन म्हणत होता, चालू आहे. दिगंबरने पहिला घास उचलला होता.

"अरे," मागून माईचा आवाज आला, चांगला वैतागलेला, "इथलं बंद पडलंय. कोणी बघणार आहे की नाही?"

दिगंबरने घास ताटात ठेवला. ललिताने पाहिले, तो हसत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. "आलो माई," म्हणून तो उठला आणि मागे गेला. फोन ताटाशेजारीच राहिला.

आपल्या घरातही मागच्या खोलीतून कोणी "हो, छान चाललंय" म्हणत असेल, तर एखादी दुपार तिथे जाऊन बसावे.